भेग, ऊन पाणी आणि डोंगर
वालुकाश्माच्या रांगांविषयी एक पाठ

देहूच्या परिसरात वाढलेल्या मुलाला 'दगड' म्हटले की काळा दगडच आठवतो. भंडारा डोंगर काळा, भामचंद्र काळा, घोरावडेश्वर काळा. घराचा पाया, विहिरीची बांधणी, पाटा-वरवंटा, जाते हे सारे त्याच काळ्या कातळाचे. त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकातील 'वालुकाश्म' हा शब्द बहुतेकांच्या बाबतीत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरताच राहतो.

वस्तुतः वालुकाश्मातून घडलेल्या एका शिल्पाचे चित्र आपण रोज हाताळतो. नाण्यांवर आणि नोटांवर असलेली चार सिंहांची राजमुद्रा ही सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेली आहे आणि ते शीर्ष चुनारच्या वालुकाश्मातून घडवलेले आहे. सांचीच्या स्तूपाची तोरणेही वालुकाश्माचीच. ज्या दगडावर आपल्या परंपरेचा इतका मोठा वारसा कोरला गेला, तो दगड जमिनीच्या पोटात कसा घडतो, कसा मोडतो आणि गरम पाण्याने कसा पालटतो, हे समजून घेणे या पाठाचे प्रयोजन आहे. या अभ्यासातून आपल्या काळ्या डोंगरांविषयीही काही महत्त्वाचे उमगते. ते शेवटी पाहू.

वाळूचा दगड होतो कसा?

नदी, समुद्र किंवा वारा वाळूचे थर साचवतो. त्यांवर आणखी थर येतात, भार वाढतो, कण एकमेकांत घट्ट बसतात. कणांमधल्या फटींतून झिरपणारे पाणी आपल्यातील सिलिका, चुना अथवा लोह तेथे सोडते व हे द्रव्य सिमेंटचे काम करते. अशा रीतीने लक्षावधी वर्षांत वाळूचा वालुकाश्म होतो. म्हणजे वालुकाश्माच्या प्रत्येक तुकड्यात तीन घटक असतात : कण, कणांना जोडणारे द्रव्य आणि उरलेली रिकामी जागा. पुढे या खडकाचे जे काही बरेवाईट होते, ते या तिघांपैकी कोणत्या घटकात बदल झाला यावर ठरते.

रिकाम्या जागेमुळे वालुकाश्म पाणी धरतो. जोडणारे द्रव्य चुन्याचे असेल तर आम्लयुक्त पाण्यात तो लवकर झिजतो. सिलिकेचे असेल तर शतकानुशतके टिकतो. कण बारीक व सारखे असतील तर शिल्पकाराच्या छिन्नीला तो चांगली दाद देतो. चुनारच्या दगडावरील मौर्यकालीन झिलई आजही पाहणाऱ्याला थक्क करते, ती अशा बारीक कणांच्या खडकामुळे शक्य झाली.

प्रस्तरभंग : खडक नुसता तडकत नाही, सरकतो

भूकवचावर ताण किंवा दाब आला की खडकाला भेगा पडतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक जागच्या जागी राहिले तर ती केवळ संधी. पण एक बाजू दुसरीच्या तुलनेत वर, खाली किंवा आडवी सरकली तर त्यास प्रस्तरभंग म्हणतात. हे सरकणे एकदाच घडत नाही. जुनी भेग ही खडकातील दुबळी जागा असते. म्हणून पुढच्या काळात ताण आला की तीच पुन्हा हलते.

असे सरकणे वालुकाश्मात घडते तेव्हा भेगेच्या दोन्ही अंगांवर घासल्याच्या रेघा उमटतात आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. या रेघांच्या दिशेवरून खडक कोणत्या बाजूस सरकला ते कळते. भेगेलगतचा खडक फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात आणि ते पुन्हा एकमेकांना चिकटून कोणाश्म नावाचा खडक बनतो. काही ठिकाणी तर खडक इतका चिरडला जातो की त्याचे मातीसारखे बारीक पीठ होते. मोठ्या भेगेपासून काही अंतरावर बारीक पट्टेही दिसतात. तेथे वाळूचे कण फुटून घट्ट दाबले गेलेले असतात. हे पट्टे मूळ खडकापेक्षा कठीण असल्याने भोवतालचा दगड झिजला तरी ते बरगड्यांसारखे उठून राहतात.

एकाच भेगेने अशा प्रकारे दोन परस्परविरोधी गोष्टी घडतात. कोणाश्माचा भाग पाण्याला वाट देतो, तर चिरडलेल्या मातीचा पट्टा पाणी अडवतो. पाणी कोठे वाहील, कोठे तुंबेल आणि कोठे झरा होऊन बाहेर पडेल, याचा निर्णय पुष्कळ वेळा याच ठिकाणी होतो.

ऊन पाणी काय करते?

जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. साधारणतः दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस, असे त्याचे प्रमाण धरतात. पावसाचे पाणी भेगांतून दीड किलोमीटर खोल गेले, तर ते सुमारे ४० अंशांनी तापते. तापलेले पाणी हलके होते आणि खालच्या दाबामुळे दुसऱ्या मोकळ्या भेगेने वर येते. वाटेत त्याची काही उष्णता कमी होते, तरी ते गरमच बाहेर पडते. ज्वालामुखी जवळ असलाच पाहिजे असे नाही. खोल भेग आणि पावसाचे पाणी एवढ्यावरही गरम झरा वाहू शकतो. गरम झऱ्याशेजारीच थंड झरा असेल, तर त्यातही नवल नाही. एकाचे पाणी खोलवर फिरून आलेले असते, दुसऱ्याचे वरच्या थरातून.

असे गरम पाणी खडकाची घडण पालटते. गरम पाण्यात सिलिका थंड पाण्यापेक्षा कैक पटींनी अधिक विरघळते. वर येताना पाणी निवते, तेव्हा ही सिलिका भेगांत साचून गारगोटीच्या पांढऱ्या शिरा तयार होतात. कणांमधली रिकामी जागाही तिने भरून निघते. असा वालुकाश्म हातोड्याने फोडला तर कणांना वळसा न घालता थेट कणांमधून फुटतो, इतका तो एकजीव होतो. दुसरीकडे, वालुकाश्मात फेल्डस्पार या खनिजाचे कण असतील तर गरम पाणी त्यांची पांढरी चिनी माती करते आणि तोच खडक हाताने कुस्करता येईल इतका मऊ होतो. तिसरा बदल रंगाचा. काही पाणी खडकातील लोह विरघळवून नेते, म्हणून लाल वालुकाश्मात फिके पट्टे पडतात. तेच लोह पुढे साचते तेथे गडद तपकिरी कडे दिसतात.

डोंगररांगेच्या आकारावर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. जेथे भेग सिलिकेने भरली तेथे ती भिंतीसारखी उभी राहते आणि रांगेचा कणा बनते. जेथे भेगेत माती झाली तेथे पाऊस घळ खोदतो आणि ओढा तीच वाट धरतो. नकाशावर एखादा ओढा पट्टी लावून आखल्यासारखा सरळ दिसला, तर त्याच्या तळाशी भेग असण्याचा संशय घ्यावा. डोंगर कोठे उंच राहावा आणि कोठे खचावा, हे वारा-पावसाने ठरवण्याच्या कितीतरी आधी भेगेने आणि पाण्याने ठरवलेले असते.

सालबर्डी : आपल्या महाराष्ट्रातील एक उघडे पुस्तक

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांखाली झाकलेला आहे. मात्र अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे हे झाकण उघडले आहे. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी एक मोठा प्रस्तरभंग जातो, त्याला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. त्याच्या उत्तरेस डोंगर उभा आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. दक्षिणेस अचलपूर, अकोट यांचा सपाट प्रदेश आणि पूर्णा नदीचे खोरे आहे. उंच डोंगर आणि खोल मैदान यांची ही सरळ सीमारेषा नदीने कोरलेली नाही. जमीन सरकल्याने ती घडली आहे.

या हालचालीमुळे सालबर्डीजवळ एका छोट्या परिसरात अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक, त्यावरील गोंडवाना काळातील वालुकाश्म, त्यानंतरचे लॅमेटा थर आणि सर्वांत वर लाव्हाचा काळा खडक अशी सारी पाने एकत्र पाहावयास मिळतात. लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. आणि येथेच गरम पाण्याचा झरा आहे. भेग, वालुकाश्म आणि ऊन पाणी या तिन्ही गोष्टी एका गावात भेटण्याची ही दुर्मीळ जागा होय. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. याच डोंगरात खडकात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणीही आहेत, हे आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

प्रस्तरभंगाचा परिणाम केवळ अभ्यासकांपुरता राहत नाही. खाली गेलेल्या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर साचले. या गाळातील पाणी कित्येक ठिकाणी खारे आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतील हा खारपाणपट्टा. विहीर आहे, तिला पाणी आहे, पण ते पिण्यास व शेतीस उपयोगी नाही, अशी तेथील अनेक गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा आहे. उलट अगदी डोंगराच्या पायथ्याशी, जेथे ओढ्यांनी आणलेले गोटे व भरड वाळू साचली आहे, तेथे गोडे पाणी मिळते. काही कोसांच्या अंतरावर एका गावाचे नशीब गोड आणि दुसऱ्याचे खारट, आणि याचे मूळ लक्षावधी वर्षांपूर्वीच्या भेगेत! 'नशीब' हा शब्द वापरण्यापूर्वी कारण शोधावे, हे यावरून पटावे.

राजगृहाचा तपोदा

गरम झरा आणि वालुकाश्माची रांग यांचे दुसरे उदाहरण आपल्याला धम्माच्या इतिहासातून परिचित आहे. बिहारमधील राजगीर, म्हणजे प्राचीन राजगृह, ज्या टेकड्यांनी वेढलेले आहे, त्यांचा मुख्य खडक क्वार्ट्‌झाइट आहे. क्वार्ट्‌झाइट म्हणजे उष्णता व दाब यांनी रूपांतरित झालेला, मुळातला वालुकाश्मच. थर वळलेले, तुटलेले आणि भेगाळलेले आहेत. कठीण खडकामुळे टेकड्यांच्या धारा उभ्या आणि अरुंद राहिल्या आहेत. गृध्रकूट या टेकड्यांमध्येच आहे. पहिली धम्मसंगीती जेथे भरली ती सप्तपर्णी गुहा वैभार टेकडीवर आहे आणि त्याच वैभारच्या पायथ्याशी आजही गरम पाण्याची कुंडे वाहतात.

पाली साहित्यात या गरम पाण्याला 'तपोदा' म्हटले आहे. विनयपिटकात त्याचा एक प्रसंग येतो. भिक्खू तपोदेत स्नान करीत असता राजा बिंबिसार तेथे आला. भिक्खूंचे स्नान आटोपेपर्यंत तो थांबून राहिला. अंधार पडला, नगराचे दार बंद झाले आणि राजाला रात्र बाहेर काढावी लागली. यावरून भिक्खूंनी पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये असा नियम झाला; पुढे उन्हाळा, आजारपण, श्रमाचे काम, प्रवास अशा प्रसंगी त्याला सवलती देण्यात आल्या. सार्वजनिक पाणी कोणी किती वापरावे हा प्रश्न तेव्हाही होता आणि त्यावर नियम करताना माणसाच्या गरजेचा विचारही होता. आपल्या वसतिगृहाच्या नळापाशी हा प्रसंग आठवण्यासारखा आहे.

देहूच्या काळ्या कातळाकडे परत

आता आपल्या डोंगरांकडे वळू. येथे वालुकाश्म नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. तरी भेग आणि ऊन पाणी या दोघांनी येथेही आपले काम केलेलेच आहे.

लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे या खडकातून खनिजे विरघळलेले उष्ण पाणी फिरले आणि पोकळ्यांत स्फटिक वाढले. पुणे परिसरात विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर जे पांढरे, गुलाबी, चमकदार खडे निघतात, ते झिओलाइट गटातील व इतर खनिजांचे असतात. वाघोलीच्या खाणींतून निघालेले निळे कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहे. ज्या खडकात अशा पोकळ्या फार, तो मऊ व लवकर मुरूम होणारा. ज्यात त्या नाहीत, तो घट्ट व टणक. कार्ले, भाजे, बेडसे आणि आपल्या जवळची शेलारवाडीची लेणी कोरणाऱ्या कारागिरांना हा भेद हाताने कळत असला पाहिजे, कारण एवढी मोठी दालने त्यांनी कातळाचा थर पाहूनच खोदली. भिक्खूंच्या पाण्यासाठी कोरलेल्या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. या पोढ्या झिरपणाऱ्या पाण्याने भरतात आणि तेच झिरपणे लेण्यांच्या भिंती व शिल्पे यांचा नाशही करते. जीवन देणारी आणि झिजवणारी भेग एकच असते.

भेगेचे उग्र रूपही महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपले असता पहाटे किल्लारी व भोवतालची गावे कोसळली आणि हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. दोन्ही ठिकाणी वर बेसाल्टचे अखंड वाटणारे आवरण होते. हालचाल खालच्या जुन्या खडकात झाली. कोयना परिसरात खोल विंधन केले तेव्हा सुमारे एक किलोमीटर बेसाल्टखाली तो ग्रॅनाइटी खडक लागला.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर उतरून आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. तेथे गरम पाण्याचा संबंध नव्हता. पण पाण्याने खडकाची माती होणे, भेगांत पाणी साचणे आणि भार वाढताच ती माती सरकणे हा क्रम आपण वर पाहिला त्याच जातीचा आहे. उतार कापला, झाडी गेली, पाण्याची वाट बुजवली की हा क्रम वेगाने घडतो. देहू, चाकण, तळेगाव या पट्ट्यात आज रस्ते, कारखाने व वसाहती यांसाठी टेकड्या फोडल्या जात आहेत. आपले अनेक माजी विद्यार्थी याच पट्ट्यात नोकरी करतात, कर्ज काढून घरे घेतात. घर घेताना खोल्या किती हे जसे विचारतो, तसे मागचा उतार कापलेला आहे का, पावसाचे पाणी कोठून वाहते, पाया मुरमावर आहे की कातळावर, हेही विचारावे. हा प्रश्न विचारण्यास भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही.

पाहण्यासाठी व विचारासाठी

१. पावसाळा संपल्यावर घोरावडेश्वरच्या डोंगरावर जा. कातळाच्या कोणत्या थरातून पाणी पाझरते ते पाहा. त्याच्या वरचा आणि खालचा थर यांत कोणता फरक दिसतो?

२. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीचा उभा छेद सुरक्षित अंतरावरून पाहा व त्याचे चित्र काढा. मुरूम, पोकळ्यांचा खडक आणि घट्ट कातळ वेगळे दाखवा.

३. आपल्या गावातील जुन्या विहिरीला पाणी कोणत्या बाजूने येते हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्या बाजूस खडकात भेग आहे का?

४. सालबर्डीचा झरा आणि राजगीरची कुंडे यांत कोणत्या तीन गोष्टी समान आहेत?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या विहारापासून शेलारवाडीची लेणी फार दूर नाहीत. एकीकडे कातळात कोरलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा वारसा आणि दुसरीकडे बाबासाहेबांनी पुन्हा उजळलेला मार्ग, अशा दोहोंच्या मध्ये आपली मुले शिकत आहेत. तथागतांनी कालामांना सांगितले, ते ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका. स्वतः जाणून घ्या. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवणही हेच सांगते की काहीही कारणावाचून घडत नाही आणि कारण पालटले की परिणाम पालटतो. अढळ वाटणारा डोंगरही भेग, पाणी आणि उष्णता यांच्या संयोगाने क्षणोक्षणी पालटत असतो. हे ज्या विद्यार्थ्याला एकदा डोंगरावर उभे राहून दिसले, त्याला अनित्यता पाठ करावी लागणार नाही. आणि पावसाळ्यात घरामागच्या उतारावर नवी भेग दिसली, तर 'नशिबात असेल ते होईल' असे म्हणून तो झोपी जाणार नाही, शेजाऱ्यांना उठवील.